व्यक्ती क्रमांक पाच

गावातल्या बायका आईकडे ब्लाउज शिवायला टाकतात तेव्हा मापाला जुना ब्लाउज देतात. टेपने माप घेऊ द्यायला त्यांना संकोच वाटतो, आणि जुना ब्लाउज तर धुऊन धुऊन आटलेला असतो. म्हणून नवा शिवून झाला की आई बाईला आतल्या खोलीत नेते आणि घालून बघायला लावते. "कसा झालाय?" असे ती कधीही विचारत नाही, कारण उत्तर ठरलेले असते, "छान झालाय की!" असे छान झालेले ब्लाउज पुढे ट्रंकेत पडून राहतात आणि बाई गुपचूप दुसरीकडे शिवायला टाकते. आई एवढेच म्हणते, "हात वर करा बघू. दोरीवर कपडे वाळत घालता तसा." हात वर गेला की काखेत कुठे ओढते आहे ते तिला दिसते. मग खडूची खूण, चार टाके उसवायचे, की झाले.

हे मी लहानपणापासून पाहत आले. त्यात काही शास्त्र असेल असे मात्र कधी मनातही आले नाही. शास्त्र म्हणजे इंग्रजी पुस्तकात असते ते, अशी माझी समजूत!

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडील बाजारात हमाली करतात. गेल्या वर्षी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर भरायला घेतला. घरी वडिलांच्या मोबाइलवर तास दीड तास बसून सगळे रकाने भरले, उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो जोडला, आणि पान एकदम कोरे! पुन्हा भरले, पुन्हा कोरे. मग तालुक्याच्या नेट कॅफेच्या खेपा सुरू झाल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या मुलाने सहज पान वर सरकवले तेव्हा अगदी माथ्यावर तांबड्या बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलेले दिसले, की फोटो ठरलेल्या आकारापेक्षा मोठा आहे. इतके दिवस ते वाक्य तिथेच होते. मी खाली बघत होते आणि ते वर होते. फोटो लहान करून आणला तो शेवटच्या दिवशी, आणि त्या दिवशी गर्दीमुळे संकेतस्थळ उघडलेच नाही. वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली. "माझंच चुकलं," मी घरी येऊन सांगितले. वडील म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." आईने काहीच न बोलता शाळेच्या गणवेशांचे जादा काम घेतले. रात्री मशीनचा आवाज येई तेव्हा मी पुस्तकात डोके खुपसून बसत असे. वाचत नसे.

यंदा आपल्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्याने करायचे ठरले. ठेकेदाराला काम देण्यापूर्वी ते वापरणाऱ्यांना काय अडते हे पाहावे, असे आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमनी सुचवले आणि आम्हा काही विद्यार्थ्यांना कामाला लावले. आम्ही मोठ्या उत्साहाने प्रश्नावली काढली. "संकेतस्थळ आपणांस कसे वाटते?" वगैरे. गठ्ठा भरून कागद परत आले, त्यांवर "छान", "उत्तम", "माहितीपूर्ण". एकाने लिहिले होते, "प्राचार्यांचा फोटो मोठा करावा." (हा कोण मुत्सद्दी, ते अजून कळलेले नाही.)

मॅडम हसल्या. म्हणाल्या, माणसांना काय वाटते ते विचारू नका, ती काय करतात ते बघा. एकेकाला समोर बसवा, एक खरे काम द्या, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा म्हणावे, आणि तुम्ही गप्प बसा. मनातले बोलून घेण्याची ही रीत मूळची मानसशास्त्रातलीच. एरिक्सन आणि सायमन या दोघांचा तिच्यावरचा निबंध १९८० सालचा आहे. माणसे किती लागतील, असे आम्ही विचारले. शंभर तरी म्हणतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, पाच. याकोब नील्सन या मूळच्या डॅनिश संशोधकाने थॉमस लँडॉवर यांच्याबरोबर १९९३ साली याचा हिशेब मांडला. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरीने ३१ टक्के दोष उघडे पाडत होता. दुसरा काही तेच दाखवतो, काही नवे. असे करत पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के दोष हाती येतात. पुढे तेच ते पुन्हा दिसू लागते. म्हणून २००० साली नील्सनने लिहिले, की एकदम पंधरा माणसे बसवण्यापेक्षा पाच बसवा, दुरुस्ती करा, आणि पुन्हा पाच बसवा. मात्र वापरणारे अगदी वेगवेगळ्या थरांतले असतील तर प्रत्येक थरातले घ्यावे लागतात. हे ऐकताना मला आतली खोली आणि वर गेलेला हात आठवला. पण वर्गात मी ते बोलले नाही.

गप्प बसणे हे जगातले अवघड काम आहे, बरे का! कार्यालयातले शिपाईमामा बोनाफाइडचा अर्ज शोधत होते. तो 'डाउनलोड' या शब्दाखाली होता आणि मामा त्या शब्दावरून बोट चार वेळा फिरवून गेले. माझी जीभ नुसती वळवळत होती. प्रथम वर्षाची एक मुलगी 'प्रवेश' या शब्दावर बोट टेकवायला जाई तोच वरचे चित्र सरके आणि बोट भलत्याच ठिकाणी पडे. संस्कृतच्या सरांनी शोधाच्या रकान्यात शुद्ध मराठीत 'वेळापत्रक' लिहिले, तर उत्तर शून्य. कारण वेळापत्रक होते ते कागदाचा नुसता फोटो काढून चढवलेले, आणि फोटोतली अक्षरे त्या शोधाला वाचता येत नव्हती. काही जुनी पत्रके तर अशा फाँटमध्ये टाइप केलेली, की तो फाँट नसलेल्या मोबाइलवर मराठीच्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी उमटे. चौथा होता एका वर्गमित्राचा भाऊ. त्याला सगळे सापडले. तो पुण्याला कंपनीत आहे.

पाचवे माणूस मिळेना. मी आईला बसवले.

काम दिले, परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख शोध. मशीनवरून उठून, हात पदराला पुसून तिने मोबाइल घेतला. सातवीपर्यंत शिकलेली असल्याने वाचते चांगले, फक्त सावकाश. एकेक शब्द वाचत 'नोटीस' या शब्दाशी आली आणि थांबली. तारीख तिथेच होती. बोट वर आले, थबकले, मागे गेले. पुन्हा सगळे पान फिरून ती तिथेच आली. घड्याळात चार मिनिटे झाली होती. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी एवढेच म्हणाले, "काय वाटतंय ते बोल."

"नोटीस आलीय गं कुणाला तरी. ते कशाला उघडायचं आपण?"

आमच्या गल्लीत नोटीस येते ती बँकेची, नाहीतर कोर्टाची. तिला हात लावायचा नाही, आधी कुणा जाणत्याला दाखवायची, हे आई पक्के शिकलेली. जरा वेळाने तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "न्हाई जमत. माझंच चुकतंय काहीतरी. मी अडाणी."

तेच वाक्य! डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वापराच्या वस्तूंवर १९८८ साली पुस्तक लिहिले, त्यात हेच आहे. दार उघडले नाही, यंत्र चालले नाही, की दोष त्याच्या घडणीत असतानाही माणूस स्वतःला बोल लावतो. मॅडमनी ते सांगितले तेव्हा मी वहीत उतरवून घेतले होते. आईच्या तोंडून ऐकले तेव्हा मात्र मला गेल्या वर्षीची तांबडी अक्षरे दिसली, आणि आपण वर्षभर उगीचच मान खाली घालून वावरलो असे वाटले. ब्लाउज काखेत ओढला तर आई बाईच्या हाताला कधी दोष देत नाही.

अहवालात मी लिहिले, "व्यक्ती क्रमांक ५. वय ४४. शिक्षण सातवी. व्यवसाय शिवणकाम. काम अपूर्ण." सभेत एका ज्येष्ठ सरांनी विचारले, "या बाईंचा महाविद्यालयाच्या संकेतस्थळाशी संबंध काय?" प्रश्न सरळच होता, त्यात कुत्सितपणा नव्हता. उत्तर द्यायला मी उभी राहायला हवी होती. मी टाचणीशी खेळत बसले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "प्रवेशाच्या दिवशी मुलांबरोबर कोण येतं, ते एकदा दाराशी उभं राहून पाहू या." विषय पुढे सरकला. व्यक्ती क्रमांक पाच कोण, हे तिथे कुणालाच कळले नाही. ते आता इथे छापून येईल.

नव्या संकेतस्थळाचे काम चालू आहे. दरम्यान मॅडमनी पाठ पुरवून जुन्यावरचा एक शब्द बदलून घेतला. 'नोटीस' गेले, 'सूचना' आले. मी आईला पुन्हा बसवले, काम तेच. या वेळी तिने बोट थेट टेकवले, पत्रक उघडले आणि शाळेत वाचतात तशी खड्या आवाजात तारीख वाचून दाखवली. मग माझ्याकडे अशी बघितली, की मला हसूच आले.

मी मोबाइल हातात घेऊन पाहिला. तारीख तिने बरोबर वाचली होती. साल मात्र मागचे होते.

"मग जुनं काढून का टाकत न्हाईत?" आईने विचारले आणि ती मशीनकडे वळली. ते मी वहीत लिहून घेतले.