बादली आमची, पातेलं काकूंचं

आमच्या ओट्याखालच्या कपाटात चार महिने एक बादली होती. सिंकचं ठिबकणारं पाणी तिच्यात पडायचं. रात्री ती रिकामी केली की आमची जबाबदारी संपायची. रमजान होऊ दे, ईद होऊ दे, मग बघू, असं चाललं होतं.

ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन खालच्या काकूंकडे गेलो, तर त्यांच्या ओट्यावर छताखाली पातेलं ठेवलेलं! वर पिवळा डाग, रंगाचे पोपडे सुटलेले.

"काकू, आम्हाला सांगितलं का नाही?"

"अहो, रोजे चालले होते तुमचे. दिवसभर उपाशी असणाऱ्यांना काय त्रास द्यायचा?"

आम्हाला मान वर करता येईना. शेजाऱ्याचा हक्क मुलांना शिकवणारे आम्हीच!

दुसऱ्या दिवशी दोघं कपाट रिकामं करून खाली बसलो. सिंकखालचा वळ्यावळ्यांचा पाइप मध्येच लोंबत होता, वळ्यांत तेलकट गाळ साचलेला. त्याचं टोक जमिनीतल्या ड्रेनेजच्या तोंडात नुसतं खुपसून भोवती चिंधी कोंबली होती. पाणी तुंबलं की चिंधीतून वर येई आणि फरशीच्या फटींतून खाली उतरे. बादली भरत होती म्हणून आम्ही समजत होतो, गळणारं सगळं पाणी तिच्यातच पडतं.

नवा बॉटल ट्रॅप आणला. त्याच्या तळाशी कायम थोडं पाणी राहतं. तेच गटाराचा वास अडवतं. पुढचा कडक पाइप उतार देऊन बसवला, ड्रेनेजच्या तोंडाशी घट्ट रबरी रिंग घातली. तरी एका नटाशी थेंब दिसलाच. वॉशर उलटा बसला होता. त्याची निमुळती बाजू सांध्याच्या आत जायला हवी. पुन्हा खोलून बसवला. नट हातानेच आवळले, कारण पान्याने जोर केला तर प्लास्टिक तडकतं. मग खाली वर्तमानपत्र पसरलं, सिंक काठोकाठ भरलं आणि एकदम सोडलं. कागद कोरडा राहिला. अल्हम्दुलिल्लाह!

तरी आठवडाभर रोज काकूंकडे डोकावत होतो. छत वाळल्यावर रंग आम्हीच लावून दिला. काकूंनी पातेलं उचललं, आम्ही बादली न्हाणीघरात नेली.

तुमच्याही ओट्याखाली अशी बादली असेल, तर आजच खालच्या घरी जाऊन छत बघून या. ते लोक कदाचित भिडेपोटी गप्प असतील.