नाड्याखालची जागा

शिरपूर

प्रिय वहिनी,


हे फोनवर बोलता आलं नसतं. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, पलीकडे माय सगळं ऐकते, आणि मग ती कमरेला हातही लावू देणार नाही. म्हणून पत्र.

ती इथे आली होती तेव्हा न्हाऊ घालताना तिच्या कमरेवरचा परकराच्या नाड्याचा वळ पाहिला. वळ काय, आपल्या सगळ्यांनाच असतो. पण डाव्या अंगाला, गाठ बसते तिथे, कातडी काळी, जाड आणि खरखरीत झाली आहे. मधे एक पांढुरका डाग. जखम नाही. विचारलं तर "माले काय व्हयनं?" एवढंच.

मी उगाच घाबरवत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी सूर्याबाईंबरोबर १९४५ साली याच जागेच्या कॅन्सरवर लिहून ठेवलंय. धोतर वर्षानुवर्षं घट्ट कसणाऱ्यांना तो होई, म्हणून नावच पडलं धोतराचा कॅन्सर. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही डॉक्टरांना तो दिसला. त्याच जागी रोजची गाठ, घाम, घासणं. फार क्वचित होतो. बहुतेकींचा वळ आयुष्यभर वळच राहतो. पण तिथे चीर पडली, खपली निघून पुन्हा आली, तीन-चार आठवडे भरलं नाही, तर मलमावर वेळ घालवायचा नाही.

पुण्याचा आपला भाचा म्हणतो, कातडीचा कॅन्सर म्हणजे गोऱ्यांचा, उन्हाचा आजार. उन्हाला आपल्याकडे काय तोटा! पण सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं, आणि त्यामुळेच आपण बेफिकीर. मेलॅनोमा नावाचा जो खरा वाईट प्रकार, तो आपल्यासारख्यांना बरेचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्ली हा जमैकाचा गायक. त्याच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं आधी फुटबॉलची दुखापत समजलं गेलं. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. आपल्या कापूस वेचणाऱ्या बायकांना फुटबॉलही लागत नाही. तळव्यावर काळं दिसलं की काटा मोडला असेल, नाहीतर कुरूप असेल, आणि ब्लेडने तासायचं.

तर एवढं करा. सकाळच्या उजेडात मायला ओट्यावर बसवा, पाय धुवा, तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. नखांची मेंदी उतरल्यावर नखंही. नखात काळी उभी रेघ असेल आणि ती रुंदावत असेल किंवा शेजारच्या कातडीवर उतरली असेल, तर दाखवायचं. एखादा तीळ वेडावाकडा वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय, तरीही. दादाच्या पोटरीवरचा भाजल्याचा जुना व्रणही बघा. असे व्रण पुन्हापुन्हा फुटत असतील तर तेही बरं नव्हे. आणि हो, स्वतःची कंबर विसरू नका. चेहरा दिवसातून दहादा आरशात बघतो, कमरेकडे कोण बघतं!

धुळ्याला हिरे मेडिकलमध्ये त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू, मी इथून बसने येते. तुकडा काढून तपासायला सांगितला तर काढू द्या. 'हात लावला की पसरतं' म्हणणारे गल्लीत निघतीलच. त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा. लवकर सापडलं तर बहुतेकदा तेवढी जागा कापून काम भागतं.

सोबत दोन परकर पाठवते, नाड्याऐवजी रुंद पट्टीचे, सैल. डॉक्टरांचं नाव काढू नका, नाहीतर ती घालणार नाही. शिंपिणीने नवी फॅशन काढलीय म्हणा.

तुमची नणंद