एकच प्रार्थना पन्नासदा का?

वसई, 4 ऑक्टोबर

प्रिय बाय,

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास आणि दोन्ही वेळा मी ‘सावकाश सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. तुझ्या वॉर्डातल्या मैत्रिणीचा प्रश्न : तुम्ही कॅथलिक लोक मारियेची पूजा करता का? आणि तुझी तक्रार : एकच प्रार्थना पन्नासदा म्हणायची म्हणजे मन भलतीकडेच जातं. ऑक्टोबर हा जपमाळेचाच महिना, तेव्हा आता लिहितेच.

आजीने तुला दिलेली माळ पुढ्यात घे. दोरा तुटल्यावर तिने ती तंगूसमध्ये ओवली होती, म्हणून इतकी टणक लागते. मणी 59 आहेत. 53 लहान, त्यांवर ‘नमो मारिया’. 6 मोठे, त्यांवर ‘आमच्या बापा’. हा हिशेब कुणा पंडिताने बसून ठरवलेला नाही. युरोपातल्या मठांत संन्यासी बायबलमधली 150 स्तोत्रं लॅटिनमध्ये म्हणत. नांगर धरणाऱ्या निरक्षर माणसाला ती कुठून येणार? मग त्याने स्तोत्रागणिक एक अशी तोंडपाठ प्रार्थना म्हणायला घेतली, आधी ‘आमच्या बापा’, पुढे ‘नमो मारिया’. मोजायला दोरीच्या गाठी, नाहीतर मणी. 150चे तीन भाग केले की पन्नास. तेच तुझे पन्नास. संत डॉमिनिकला ही माळ प्रत्यक्ष मारियेने दिली, असं परंपरा सांगते, चित्रंही तशीच असतात. त्याच्या काळच्या कागदांत इतिहासकारांना तसा आधार सापडत नाही. खरं सांगू, मला त्या निरक्षर शेतकऱ्यांचीच गोष्ट जास्त आवडते. चर्चने जपमाळेला शिस्त लावली ती नंतर : 1569मध्ये पोप पायस पाचवे यांनी आजच्या घडणीच्या माळेवर शिक्कामोर्तब केलं.

आता मन भटकण्याचं. प्रत्येक दशकाला, म्हणजे दहा मण्यांच्या गटाला, एक रहस्य असतं. येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग. ओठ आणि बोटं आपलं काम करत राहतात, आणि मनाने त्या प्रसंगात जाऊन बसायचं. शब्दांकडे लक्ष देऊन देऊन तू थकतेस, कारण तू प्रत्येक ‘नमो मारिया’ परीक्षेतल्या उत्तरासारखी म्हणतेस. आजी पहाटे बाजाराला न्यायच्या मेथीच्या जुड्या बांधायची तेव्हा हातात माळ नसायची. केळीच्या सोपटाची ओली वाक, एक वेढा, गाठ, एक ‘नमो मारिया’. दहा जुड्या झाल्या की टोपलीत एक थर आणि एक दशक. मध्येच ‘गाडीची वेळ झाली रे’ म्हणून तुझ्या बाबांना हाकही मारायची, आणि पुढची जुडी उचलायची. देवाला त्यात काही कमी पडलं असेल असं मला नाही वाटत.

कोणत्या वारी कोणती रहस्यं म्हणायची हे ठरलेलं असतं. 2002मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली आणि ती गुरुवारी आली. आजीने ती काही मनावर घेतली नाही. तिच्या गुरुवारी शेवटपर्यंत आनंदाचीच रहस्यं असायची, पूर्वीसारखी. पोपनी सक्ती केली नव्हती, हे तिला कुणी सांगायची गरजच पडली नाही.

मैत्रिणीला मात्र नीट उत्तर दे. आराधना फक्त देवाची. ‘नमो मारिया’चा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला आहे : गब्रिएल दूताचं अभिवादन आणि एलिझाबेथने केलेलं स्वागत. त्यात मागणं नाहीच. दुसऱ्या भागात मागणं आहे, तेही एवढंच की आमच्यासाठी तू प्रार्थना कर, आत्ता आणि मरणाच्या वेळी. ‘बाप रागीट, म्हणून आईमार्फत जायचं’ असं कुणी समजावलं तर अजिबात ऐकू नकोस. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा तिने काय केलं? मुलाच्या कानावर घातलं, आणि चाकरांना सांगितलं की हा म्हणेल तसं करा. तिची सगळी मध्यस्थी त्यात आली.

आपल्याकडे मात्र मारिया फक्त आपली, कॅथलिकांची, राहिली नाही. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मारियेला कोळी लोक ‘मोत माऊली’ म्हणतात. सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांत कुंकू लावलेल्या किती असतात, ते तू पाहिलंयस. माऊली म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. फादर स्टीफन्सनी चारशे वर्षांपूर्वी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत लिहिलं, तेव्हा त्यांना हे कळलं होतं. आणि 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, तरी इथल्या माणसांनी श्रद्धा टाकली नाही. ती राजाच्या भरवशावर असती तर आज मी हे पत्र लिहिलं नसतं.

एक नवी गोष्ट, खास तुझ्यासाठी. जपमाळेनंतर आपण जी लदाईन म्हणतो, तिच्यात मारियेची नावं एकामागून एक येतात. जून 2020मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यात तीन नावं घातली : दयेची माता, आशेची माता आणि स्थलांतरितांचा दिलासा. टोरोंटोत बर्फातून बस पकडणाऱ्या मुलीला हे तिसरं नाव ठाऊक असायलाच हवं, असं मला वाटलं.

सगळी माळ रोज जमणार नाही, माहीत आहे. बसमध्ये एक दशक म्हण, माळ नसेल तर बोटांवर. आणि तंगूस तुटली तर नवी माळ विकत घेऊ नकोस. मणी गोळा करून ठेव, डिसेंबरात आलीस की मी ओवून देईन.

तुझी,
आत्या