रफ अँड टफ

‘टफ’ हा शब्द मी शिंप्याच्या दुकानात शिकलो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाचं पाकीट काढलं. आत न शिवलेलं डेनिम, चेन, बटणं, रिवेट. जाहिरातीत अक्षय कुमार. शिवून घ्यायचं आपल्या शिंप्याकडून. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या मास्तरांनी कापड दोन्ही हातांनी खेचलं आणि म्हणाले, “सुई टूटेगी, ये नहीं फटेगा.” कंपनीने स्पेलिंगमधला ‘जीएच’ उडवला होता. मला ते पटलं. जुन्या इंग्रजीत तिथे घशातून खरवडणारा आवाज होता. तो आवाज बदलून ‘फ’ झाला, जुनी अक्षरं तेवढी मागे राहिली.

डिप्लोमाला तोच शब्द पुस्तकात भेटला. काच कठीण असते, पण टफ नसते. तुटण्याआधी जो पदार्थ जास्त ऊर्जा पोटात घेतो, तो टफ. लंबकाचा हातोडा मारून ते मोजतात. आपल्या ‘चिवट’च्या जवळचा अर्थ. मटणाला ‘टफ’ म्हटलं की आचाऱ्याचा चेहरा पडतो, तोही त्यामुळेच.

उल्हासनगरला हे विशेषण लोक सढळ हाताने लावतात. युद्धकाळातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत आलेली सिंधी कुटुंबं, 8 ऑगस्ट 1949 ला मिळालेलं नाव, मग पापड, बिस्किटं, फर्निचर आणि जीन्स. कौतुक खरं आहे, पण मला त्याचा थोडा कंटाळा येतो. कारण जीन्सच्या धंद्याचा मोठा भाग कापडाचा टफपणा मोडण्यातच जातो. यंत्राच्या ड्रममध्ये पँटींबरोबर वज्रीसारखे भोकांचे हलके दगड फिरवायचे, मांडीवर पोटॅशियम परमँगनेट फवारायचं, गुडघे घासायचे. जितकी विटकी, तितकी महाग. त्या धुलाईचं निळं पाणी वालधुनीत जायचं. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराशेजारून येणारी ही नदी इथे पोचेपर्यंत नाला होते. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, वॉशिंगच्या कारखान्यांना टाळी लागली. धंदा चिवट निघाला, धुलाई दुसरीकडे गेली. तिथल्या नदीचं काय, हे बाजारात कुणी विचारत नाही.

शिलाई मात्र अजून इथेच चालते. आमच्या गल्लीत दुपारी बायका पँटींचे ढीग घेऊन धागा कटिंगला बसतात, नगावर पैसे. जाड शिवणीमुळे कात्री लवकर बोथट होते, आणि धार लावायचा खर्च त्यांचा त्यांनाच.