पांढरा पट्टा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लांबट सभागृह आहे. एरवी तिथे वाढदिवस होतात, रहिवाशांच्या वादळी सभा होतात. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मात्र खुर्च्या भिंतीला लागतात आणि कराटेचा वर्ग भरतो. महादेवपुरा हा बंगळूरचा पूर्वेकडचा भाग. २००७ साली तो महानगरपालिकेत सामावला गेला आणि २०२३ पासून त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली. संगणकाच्या नोकऱ्यांसाठी माझ्या मुलासारखी हजारो माणसे इथे येऊन राहिली आहेत, आणि त्यांच्या मागोमाग, नातवंडे सांभाळायला, माझ्यासारख्या आज्या. नातीला वर्गाला पोचवावे, तासभर भिंतीशी बसावे आणि तिला परत वर आणावे, एवढेच माझे काम होते. महिनाभराने सर म्हणाले, "अज्जी, बसून राहता त्यापेक्षा रांगेत उभ्या राहा ना. वर्ग मोठ्यांसाठीही आहे." मी ५६ वर्षांची. मी हसून नाही म्हणेन अशी सगळ्यांची खात्री होती. मी हो म्हटले.

डोळे मिटून निऱ्या घालणाऱ्या मला पट्ट्याची गाठ काही केल्या जमेना. तो कमरेला दोनदा गुंडाळायचा, दोन्ही टोके सारख्या लांबीची राहिली पाहिजेत आणि गाठ बरोबर बेंबीखाली यायला हवी. नातीने ती मला शिकवली. शिकवताना तिने एक सुस्कारा सोडला. तो हुबेहूब माझा होता.

रांग वयाने लागत नाही, पट्ट्याने लागते. वरच्या पट्ट्याचे उजवीकडे, नवखे डावीकडच्या टोकाला. त्यामुळे आठ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला एक पिवळ्या पट्ट्याचा मुलगा माझा वडीलधारा ठरला. सरावाच्या जोड्या लागल्या की मी त्याला वाकून वंदन करते आणि तोही अत्यंत गंभीरपणे मला करतो. आरंभी सगळ्यांनी गुडघे दुमडून बसायचे असते. आपले वज्रासनच ते. मुले झटकन बसतात, मी हप्त्याहप्त्याने बसते. मग आकडे सुरू होतात: इची, नी, सान, शी. वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, मल्याळम अशा सगळ्या घरांतली मुले आहेत. बेळगावच्या माझ्या कन्नडला इथे लोक गालात हसतात. जपानी आकड्यांपुढे मात्र आम्ही सगळे सारखेच परके.

शरीराला नवीन गोष्ट शिकवणे म्हणजे काय, हे मी विसरूनच गेले होते. मूठ आवळताना अंगठा बोटांच्या आत घेऊ नये, बाहेर ठेवावा, हे देखील शिकावे लागते. लहान मुले हमखास आत घेतात, मीही घेतला. पाय फाकवून, गुडघे वाकवून उभे राहायचे त्या पवित्र्याला जपानीत घोडेस्वाराचे नाव आहे. मला आपला ‘मांड’ हा शब्द आठवला आणि माझ्यापुरते मी त्याचे तेच नाव ठेवले. ठोसा मारताना एक हात पुढे जातो, तेव्हा दुसरा तितक्याच जोराने कमरेशी मागे यावा लागतो. हे चार तास मला उमगले नाही. मग एकाएकी ताक घुसळतानाची रवीची दोरी आठवली: एक हात सुटतो तो दुसऱ्याने ओढल्यामुळे. त्या दिवशी सर पहिल्यांदा ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणाले.

अडले ते आवाजापाशी. ठरावीक हालचालीच्या टोकाला श्वास सोडताना पोटातून एक हाक द्यायची असते. तिला किआई म्हणतात. मुलांना तर एवढ्याचसाठी हा वर्ग आवडत असावा. माझ्या तोंडून खाकरल्यासारखे काहीतरी निघाले. "केळिसलिल्ल, अज्जी," सर म्हणाले. ऐकू आले नाही. पुन्हा केले. पुन्हा ‘केळिसलिल्ल’.

आदल्या वर्षी बेळगावात, पहाटे दूध घेऊन परतताना, मोटारसायकलवरच्या दोघांनी माझ्या गळ्यातले मंगळसूत्र ओढून नेले. पंधरा पावलांवर फुलवाला हार ओवत बसला होता. मी तोंड उघडले. आवाज आला नाही. पुढे आठवडाभर येणारा-जाणारा एकच विचारीत असे, "अहो, ओरडला का नाहीत?" यजमानांनीही विचारले, एकदाच, हळू आवाजात. सोन्याचे दुःख ओसरले; तो प्रश्न मात्र घरात राहायला आला. सरांना मी हो म्हटले ते त्यामुळे, गुडघ्यांसाठी नव्हे.

मुलीच्या जातीचा आवाज माजघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ नये, असा आमच्या घरचा दंडक होता. थोरला भाऊ तालमीत जाई आणि मी दुधाचा तांब्या घेऊन तालमीच्या दाराशी उभी राही. आत हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद मुरल्याचा वास, कोनाड्यात शेंदरी मारुती, आणि अंगावर काटा आणणारा शड्डूचा आवाज. आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. एकदा परसात कोणी नाहीसे पाहून मी शड्डू ठोकून पाहिला होता. मांडी लाल झाली, आवाज निघाला नाही.

आपण पोरकटपणा करीत आहोत की काय, या शंकेने मी या विद्येविषयी वाचू लागले, आणि गिचिन फुनाकोशी यांची ओळख झाली. १८६८ साली ओकिनावा बेटावर जन्मलेला हा माणूस लहानपणी अशक्त होता, पुढे शाळामास्तर झाला. गुरूच्या अंगणात रात्री कंदिलाच्या उजेडात शिकला. १९२२ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो ही विद्या दाखवायला टोकियोला गेला आणि तिथेच राहिला. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात अंगण झाडण्यापासूनची कामे करीत त्याने शिकवायला सुरुवात केली. ‘शोतो’ हे त्याचे कविता लिहिण्याचे नाव. शोतोकान म्हणजे त्या शोतोचे घर. आणि आम्ही नवखे जी पहिली काता, म्हणजे हालचालींची ठरलेली साखळी, शिकतो ती त्याचे गुरू आन्को इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी रचलेल्यांपैकी एक. ती मुलांसाठी आहे हे वाचून मला अपमान न वाटता बरेच वाटले.

कराटे या शब्दातील ‘कारा’ची मूळ खूण ‘चिनी’ या अर्थाची होती. उच्चार तोच ठेवून फुनाकोशीने तिथे ‘रिकामा’ या अर्थाची खूण आणली. १९३६ साली नाहा इथल्या सभेत ओकिनावाच्या गुरुजनांनीही ती मान्य केली. त्या रिकामेपणात त्याला बौद्धांचे शून्य अभिप्रेत होते. आपलाच शब्द चीन-जपान फिरून महादेवपुऱ्याच्या तळमजल्यावर भेटावा, याची गंमत मी सरांना सांगितली. ते म्हणाले, "अज्जी, मागचा गुडघा सरळ ठेवा."

तीन महिन्यांनी परीक्षा झाली. हेआन शोदान या कातेत २१ हालचाली आहेत. नवव्या आणि सतराव्या हालचालीला किआई. सुरुवात हल्ल्याने नाही, खाली झाडलेल्या अडवणुकीने होते. नववी हालचाल मी मोजण्याच्या नादात मुक्यानेच केली. सतराव्या वेळी आवाज आला. मोठा होता असे नाही आणि गोड तर मुळीच नव्हता. म्हशी हाकणाऱ्या बाईचा असावा तसा भरड. फाटकावरचा रखवालदार डोकावून गेला. नात रांग मोडून माझ्याकडे बघत राहिली, आणि त्याबद्दल तिला बोलणी बसली.

तिला पिवळा पट्टा मिळाला. मला पुढच्या खेपेस यायला सांगितले आहे. मागचा गुडघा वाकतो. आता नात रांगेत माझ्या उजवीकडे उभी असते आणि मी तिला वाकून वंदन करते. रात्री फोनवर यजमानांना सगळे सांगितले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कसा आवाज काढलास, काढून दाखव बघू." घरात सगळी निजली होती. मी म्हटले, गुरुवारी.