एकसष्टावा दिवस

पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला आमच्या सातारा भागात पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आता कुठं लागणार?" या प्रश्नाची दोन-तीनच उत्तरे गावाला मान्य आहेत. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणे, कारखान्याच्या फाटकावर मोटारींचे नंबर वहीत टिपणे, नाहीतर शेती बघणे. मी म्हणालो, "घरीच बसून लिहायचं काम करणार." विचारणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिले, की पलटणीने मला काही दुखण्यापायी परत पाठवले असावे, अशी क्षणभर माझीच समजूत झाली!

मॅट्रिक झाल्यावर १९९८ साली मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. शिपायाला पंधरा वर्षांवर पेन्शन लागते. मी सतरा केली आणि २०१५ साली परत आलो. म्हणजे पस्तिसाव्या वर्षी मी पेन्शनर! पेन्शनीवर चूल पेटते, पण पोरांच्या फिया भागत नाहीत.

लिहिण्याची खोड मात्र पलटणीतलीच. मोबाईल हातोहाती येण्यापूर्वीची ती शेवटची वर्षे. कंपनीत ज्यांचा हात लिहिण्यात चालत नसे, त्यांची पत्रे मी लिहून देई. पत्ता एवढाच : द्वारा ५६ एपीओ. कुठे आहोत ते लिहायचे नाही, काय करतो ते लिहायचे नाही, आणि तरी घरच्यांना माणूस समोर बसून बोलतो आहे असे वाटले पाहिजे. कादंबरीचे याहून चांगले शिक्षण मला पुढे कुठे मिळाले नाही.

कादंबऱ्यांवर कुणाचे पोट भरते? म्हणून पुण्याच्या एका प्रकाशकाकडून मी मुद्रिते तपासायला घेऊ लागलो. छापण्यातल्या चुका शोधणे आणि परेडीपूर्वी बटण, बक्कल, बूट न्याहाळणे यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते मोबदल्यात. पलटणीत महिना भरला की पगार मागावा लागत नसे. इथे पानामागे ठरलेला दर, आणि तो हाती पडेपर्यंत "साहेब, जमलं तर बघा" अशी आर्जवे. हे वाक्य जिभेवर बसायला मला दोन वर्षे लागली. तेवढ्यासाठी सकाळच्या शाळेत तासिकेवर कवायत आणि मराठीही शिकवतो. मुले कवायतीला माझे ऐकतात; मराठीच्या तासाला मी त्यांचे ऐकतो.

पैशांचे एक वेळ जमते. घरात जमणे अवघड!

जवानाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा. तीही एकदम मिळेलच असे नाही. सतरा वर्षे मी माझ्याच घरी रजेवर आलेला पाहुणा होतो. मी आलो की कोंबडी शिजायची, पोरांवर कुणी ओरडायचे नाही, आणि वाईट बातम्या मी परत गेल्यावर एकेक करून फोनवर कळायच्या. सोसायटीचे कर्ज, विहिरीवरची मोटार, म्हाताऱ्यांची औषधे, पोरांच्या शाळा, सारे बायकोच्या अंगावर. त्या ठाण्याची सुभेदार तीच. मी वरून तपासणीला येणारा साहेब.

असा साहेब कायमचा मुक्कामाला आला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पहाटे पाचला पोरांच्या चादरींच्या घड्या, दारात चपलांची रांग, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे! तिने हे सारे हसून चालवून घेतले. रजेवरच्या माणसाचे तसेच चालवून घ्यायचे असते.

माझी रजा संपत आली, की ती बेसनाचे लाडू करी. थोडे वाटेसाठी आणि थोडे बरॅकीतल्या दोस्तांसाठी. पेन्शनीवर आल्यानंतरचा दुसरा महिना सरता सरता एका दुपारी घरभर बेसन भाजल्याचा वास सुटला. मी आत गेलो. ती कढईत उलथने फिरवत होती.

"सणवार न्हाई, काही न्हाई, आज लाडू?"

"हात आपोआपच डब्याकडं गेला बघा," ती म्हणाली. मग गॅस बंद करून जरा वेळ तशीच उभी राहिली. "तुम्ही आता जाणार न्हाई, व्हय?"

त्या बोलण्यात सुटका किती होती आणि धास्ती किती, हे मला आजही सांगता येणार नाही. कादंबरीकाराने असे म्हणू नये, पण खरे ते खरे.

दुसऱ्या दिवशी तिने कणगीची खोली झाडून काढली. पोरांचे जुने टेबल खिडकीशी लावले, त्यावर माझी काळी पेटी उघडून कागद मांडले आणि मला बोलावून सांगितले, "हितं बसायचं. जेवायला मी हाक मारीन. तवर माझ्या डब्यांना हात लावायचा न्हाई."

हा हुकूम ऐकून मला किती बरे वाटले म्हणून सांगू! दोन महिन्यांत प्रथमच मला कुणी काही हुकूम दिला होता. शाळेतून आलो की मी त्या खोलीत हजर होतो. लाडूही झालेच होते. त्यांतले दोन एका वाटीत टेबलावर येऊन बसले.

गेल्या महिन्यात कुणी गृहस्थ मला भेटायला आले. अंगणातून बायकोचा आवाज आला, "ते ड्यूटीवर आहेत. एकला या."

मी भिंतीपलीकडे चार हातांवर, एका ओळीतला निसटलेला अनुस्वार शोधत बसलो होतो. हूं की चूं केले नाही.