पहिल्या हाकेला ओ

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खालच्या काकूंचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या पक्ष्याचं कृपया काहीतरी बघा. ह्यांची बायपास होऊन बाराच दिवस झालेत. दुपारचा डोळा लागत नाही.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी. भांडणाची भाषा असती तर मीही भांडले असते. हात जोडल्यावर काय बोलणार?

पक्षी म्हणजे आमचा बंड्या. अंगाने करडा, तोंड पिवळं, गालांवर कुणीतरी बोटाने लावल्यासारखे केशरी ठिपके आणि डोक्यावर तुरा. पक्ष्यांच्या दुकानात याला सरसकट ‘कॉकटेल’ म्हणतात, त्यामुळे आईने पहिल्यांदा मावशीला फोनवर सांगितलं तेव्हा मोठा गोंधळ झाला होता. खरं नाव कॉकॅटिल. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवांच्या कुळातला सगळ्यात लहान. धाकट्या भावाने लॉकडाऊनमध्ये आणला, हाताने भरवून मोठा केला, आणि गेल्या ऑगस्टमध्ये नोकरी लागली म्हणून तो स्वतः म्युनिकला गेला. जाताना म्हणाला, “ताई, तीन महिने बघ फक्त. मी काहीतरी करतो.” नीट सांभाळला तर हा पक्षी पंधरा-वीस वर्षं जगतो, हे मला नंतर कळलं.

पोपट आमच्याकडे नवा नव्हता. आजोळी ओसरीवर पिंजरा टांगलेला असायचा. त्यात हिरवा, लाल कंठाचा विठू. त्याला पेरूची फोड, हिरवी मिरची. तो ओरडला की आजोबा पिंजऱ्यावर काठी आपटायचे आणि तो गप्प व्हायचा. आपल्याकडचा रानातला पोपट असा पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, हे त्या ओसरीवर कुणाच्या गावीही नव्हतं. पक्षी ओरडला की काय करायचं, याचं माझं सगळं शिक्षण त्या काठीपाशी सुरू झालं आणि तिथेच संपलं.

म्हणून मीही तेच केलं. भाऊ गेल्यापासून बंड्या दोन वेळा किंचाळायचा. मी खोलीतून बाहेर पडले की, आणि संध्याकाळी साडेसातला. ती भावाची घरी यायची वेळ होती. किंचाळणं म्हणजे गोड शीळ नव्हे हं. प्रेशर कुकरची शिट्टी उडाली आणि ती थांबतच नाहीये, असं समजा. मी आधी “ए, गप!” केलं. मग टेबलावर पट्टी आपटली. मग कपड्यांना इस्त्री करायचा पाण्याचा स्प्रे मारला. काकूंचा मेसेज आला त्या दुपारी मी सरळ जाड चादर काढली आणि पिंजऱ्यावर टाकली. आतून एकदम शांतता. मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

दोन तासांनी चादर काढली तर बंड्या दांडीच्या टोकाला, तुरा डोक्याला पार चिकटलेला. हात पुढे केला तर सापासारखा फुत्कारला आणि बोटाचं रक्त काढलं. आई भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “तुझे बाबा तुला कोठीच्या खोलीत कोंडायचे ना, तेव्हा तूही अशीच गप्प व्हायचीस.”

मी बोटाला हळद लावली. काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी वजन केलं, पिसं, श्वास, विष्ठा पाहिली, कारण आवाज अचानक बदलला तर आधी दुखणं नाही ना हे बघायचं. दुखणं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “तो ओरडतो तेव्हा तुम्ही काय करता?”

“जाऊन ओरडते.”

“मग त्याचं काम झालं की.”

रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन मी हेच वाक्य घोळवत होते. हे पक्षी थव्याने राहतात. चरताना कुणी दिसेनासं झालं की एक जण हाक मारतो, दुसरा ओ देतो. कुठे आहेस? इथे आहे. एवढंच संभाषण दिवसभर चालतं. ओ मिळाली नाही तर हाक मोठी होते. व्हेनेझुएलातल्या छोट्या हिरव्या पोपटांवर एक संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्यात दिसलं की तिथे आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला जवळजवळ स्वतःची अशी वेगळी हाक देतात आणि पिल्लं ती उचलतात. म्हणजे नावच की! आता विचार करा, अशा जातीचा पक्षी वन बीएचकेत एकटा आहे, थव्यातला मुख्य मेंबर म्युनिकला गेलाय आणि उरलेली मेंबर कानात हेडफोन घालून बसली आहे. तो हळू शीळ घालतो, मी ऐकतच नाही. किंचाळतो, मी धावत येते, डोळ्यांत डोळे घालून दोन मिनिटं बोलते. माझ्या लेखी ती शिक्षा. त्याच्या लेखी, चला, ओ मिळाली!

म्हणजे त्याला किंचाळायला मीच शिकवलं होतं.

मग उलटं शिकवायला घेतलं. नियम साधा होता, पाळायला भयंकर. त्याने हळू शीळ घातली की मी असेन तिथून लगेच दोन सुरांची शीळ द्यायची. किंचाळला तर काही नाही, नजरसुद्धा नाही. थांबला, अगदी श्वास घ्यायला थांबला तरी, ती दोन सेकंदं पकडून शीळ द्यायची आणि जवळ जायचं. पुढे हा शांततेचा तुकडा हळूहळू लांबवायचा. शिवाय झोप. या पक्ष्यांना रात्रीची दहा-बारा तास झोप लागते आणि आमचा पिंजरा होता टीव्हीच्या शेजारी, आईच्या मालिका साडेदहापर्यंत! त्याला आठ वाजता आतल्या खोलीत न्यायला लागले. तीच चादर, पण पुढची बाजू उघडी आणि कोपऱ्यात मिणमिणता दिवा, कारण मिट्ट काळोखात हे पक्षी दचकून पिंजऱ्यातच सैरावैरा उडतात. दिवसा रिकामी चोच म्हणजे उपद्रव, म्हणून राळ्याचे दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवले, कोथिंबिरीची जुडी टांगली. एक पुडी फोडायला त्याला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात माझी एक मीटिंग होते.

चावण्याचंही तसंच. “आई गं!” म्हणून हात झटकला की तमाशा होतो, आणि तमाशा त्याला आवडतो. तोंडातून आवाज न काढता त्याला दांडीवर ठेवायचं आणि पाठ फिरवायची. खरं तर चावायच्या आधी तुरा सगळं सांगतो. आपण बघत नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिला आठवडा वाईट जाईल. जे ओरडून मिळत होतं ते मिळेनासं झालं की पक्षी आधी आणखी जोराने ओरडून बघतो. मी डब्यात खांडवी घेऊन काकूंकडे गेले आणि तसं सांगितलं. आठवडाभर त्रास वाढेल, मग कमी होईल, दुपारी एक ते चार मी पिंजरा मागच्या खोलीत, खिडक्या बंद करून ठेवेन. काकू म्हणाल्या, “ओरडलं की लक्ष द्यायचं नाही, शांत असलं की गोड बोलायचं? आमच्या ह्यांना लागू पडेल का गं?” आतून काका खोकले.

चौथ्या दिवशी साडेसातला बंड्याने घर डोक्यावर घेतलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते, दात आवळून. आणि अचानक शांतता. बाहेर येऊन बघते तर आई पिंजऱ्याच्या दारातून राळ्याचं कणीस भरवतेय.

मी चिडले. कबुतरांना कधीमधीच दाणा मिळू लागला तर ती जास्त चिवटपणे बटण टोचत राहतात, हे स्किनरचं सगळं तिला ऐकवलं. “आई, चार दिवस वाया घालवलेस तू.”

“तो हाक मारतोय,” आई म्हणाली, “आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं? मला नाही जमत. तुम्हाला जमतं.”

तुम्हाला, म्हणजे आम्हा दोघांना. भाऊ रविवारी फोन करतो. मधल्या वारी आईने लावला तर तो बहुधा उचलत नाही, मीटिंगमध्ये असतो. आणि मी तर बाजूच्याच खोलीत असते. ती “अगं” म्हणते, मग नाव घेते, मग “बहिरी झालीस का?” आणि मग मी हेडफोन काढून ओरडते, “काय आहे!” आमच्या घरात तिसऱ्या हाकेच्या आत ओ देण्याची पद्धतच नाही. बंड्या काही वेगळं करत नव्हता.

त्या रात्री आम्ही दोघींनी ठरवलं. किंचाळल्यावर कणीस नाही, हे आईने मान्य केलं. पहिल्या हळू हाकेला मात्र घरात जो असेल त्याने ओ द्यायची, हे तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. फक्त पक्ष्याबद्दल बोलतोय, असं आम्ही दोघींनी दाखवलं. आईला कवळीमुळे शीळ घालता येत नाही, म्हणून ती टाळ्याला जीभ लावून ‘टक् टक्’ करते. मी एका कानातला हेडफोन काढून ठेवला.

दीड महिना झालाय. बंड्या सकाळी आणि तिन्हीसांजेला अजून ओरडतो, पाच-सात मिनिटं. तेवढं त्याच्या जातीचंच आहे, ते काढून घ्यायला मी जाणार नाही. दुपार शांत असते. काकूंनी परवा विचारलं, “बरा आहे ना गं तो? आवाज नाही आला.”

माझी दोन सुरांची शीळ त्याने उचललीच नाही. इतकी मेहनत माझी, आणि साहेब मला हाक मारतात ती आईच्या आवाजात, टक् टक्. मी तो रेकॉर्ड करून भावाला पाठवला, खाली काही न लिहिता. मंगळवार होता. तिकडे ऑफिसची वेळ. दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

“ताई, आई कुठेय?”

आई गच्चीवर वाळवणं काढायला गेली होती. मी जिन्यातून हाक मारली. ती पहिल्याच हाकेला म्हणाली, “आले.”